फेट्याचं दुसरं टोक

नंदुरबारच्या कोर्टात जायचं असलं की हे फेटा बांधतात. कापड चांगलं लांब. ओसरीच्या एका टोकाला हे उभे राहतात, दुसऱ्या टोकाला मी ते ताणून धरते, आणि हे पीळ घालत, डोक्याभोवती गुंडाळत माझ्याकडे सरकत येतात. शेवटचा वेढा बसतो तेव्हा आम्ही दोघं अगदी समोरासमोर आलेले असतो. लग्न झाल्यापासून हे काम माझं. आमची मुलगी मीना रांगायला लागल्यापासून मधोमध बसते आणि डोक्यावरून सरकणाऱ्या कापडाकडे बघत टाळ्या पिटते.

हे, म्हणजे नरोत्तम पाटील, वकील. लिहिताना नाव घ्यायला हरकत नसावी. माझे वडील खांडबाऱ्याला स्टेशनमास्तर होते. घरात रेल्वेचा पास होता म्हणूनही असेल, पण त्यांनी मला बडोद्याला ठेवून बी.ए. केलं. सासर मिळालं ते तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांचं. कापूस, केळी, नदीपलीकडे ऊस. गावात शिकलेली बाई मी एकटीच, आणि काळजी करणारीही बहुधा मीच एकटी. इथे हिवताप दर घरात ठाण मांडून असतो. मीना शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावते. ती झोपली की श्वास चालू आहे ना ते वाकून बघते. बायका हसतात. "वकिलीण, पोरले नजर लागस ती तुन्हीच," म्हणतात.

बघत राहणं हा माझा स्वभाव. यांच्याबद्दल एक गोष्ट मी लग्नानंतर लवकरच हेरली होती. खोटं बोलायचं असलं की यांना हातात काहीतरी लागतं. आधी पेन असायचं, मग चष्मा. मुलगी झाल्यापासून हे मुलीला उचलून घेतात.

आता नदीचं सांगते. पावसाळा सरून तापीचं पाणी उतरलं की मधली वाळू उघडी पडते. त्या वाळूत खड्डे घेऊन, शेणखत भरून खरबुजं लावतात. खरबुजाला इकडे डांगर म्हणतात आणि त्या पट्ट्यांना डांगरवाडी. सरकार त्या वाळूचा सारा गावाकडून एकगठ्ठा घेई, आत कुणी कुठे लावायचं ते विचारत नसे. ते बायका ठरवत. कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. पुरुषांची शेतं काठावर काळ्या मातीत, बायकांची वाळूत. गावातल्या एका जाणत्या बाईकडे बाभळीच्या खुंट्या असत. कार्तिकात ती त्या घेऊन उतरायची, मागे सगळ्या बायका, आणि खुंट्या ठोकत पट्टे पाडायची. पाण्याजवळचा पहिला पट्टा विधवेचा, कारण तिला खांद्यावरून पाणी वाहून द्यायला कुणी नसतं. पुरुषांनी त्या खुंट्यांना हात लावायचा नाही.

आमच्या गावच्या खुंट्या पूर्वी माझ्या सासूबाईंकडे होत्या. जाताना त्यांनी त्या दगूबाईंना दिल्या. दगूबाई विधवा, मूलबाळ नाही, काळ्या मातीत एक ढेकूळही नावावर नाही. पाण्याजवळचा पट्टा हेच तिचं वर्षाचं पोट.

घोटाळा असा झाला, की नदीनं पात्र बदललं. एका गावची वाळू दुसऱ्या गावासमोर गेली. काठावरची पाच गावं सलग दोन वर्षं भांडली. बायका बायकांशी भांडल्या, मग पुरुष काठ्या घेऊन उतरले, दोघांची डोकी फुटली आणि डांगरं वेलावरच सडली.

तिसरा पावसाळा लागला तेव्हा हे वैतागले होते. बाहेर स्वराज्य येणार, नवी घटना होणार म्हणून सगळीकडे बोललं जात होतं. "आणि आमची पाच गावं खरबुजावरून डोकी फोडतात," हे म्हणाले. मी मीनाला भरवत होते. सहज बोलून गेले, "अमेरिकेत इरोक्वा म्हणून लोक होते. तिथले मूळचे. तेही असेच पाच होते."

कॉलेजात आमच्या इतिहासाच्या बाईंनी मला एक जाड पुस्तक वाचायला दिलं होतं. त्यातलं मला सगळं आठवत होतं. पाच जमाती, पिढ्यानपिढ्या एकमेकांचे जीव घेणाऱ्या. मग शांततेचा निरोप घेऊन एक माणूस आला. तो सगळ्यांत आधी गेला एका बाईच्या घरी. दोन्ही बाजूंचे लढवय्ये तिच्याकडे जेवून पुढे जात, इतकं ते घर वाटेवरचं. तिनं निरोप ऐकला, पटला म्हणाली, आणि तिथून पाचांची एक पंचायत झाली. एका लांबच लांब घरात पाच चुली, असं ते स्वतःबद्दल सांगत. एक बाण मोडतो, पाच बांधले तर मोडत नाहीत, हेही त्यांचंच. शेतं बायकांची, घरं बायकांची. आणि पंचायतीत कोण बसणार हे घराण्यातल्या जाणत्या बायका ठरवत. मुखिया चुकला तर बायका त्याला तीन वेळा ताकीद देत. तरी सुधारला नाही तर त्याच्या शिरपेचातली हरणाची शिंगं उतरवून घेत. शिंगं गेली की तो साधा माणूस.

"आणि गोरे शेजारी हे बघत होते," मी म्हटलं. "तुमच्या तेरा वसाहती वेगळ्या का राहतात, आमच्यासारखे एक व्हा, असं त्यांच्यातल्या एका मुखियानं गोऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं. पुढे ते झालेही एक. किती त्यांच्याकडून शिकले आणि किती आपलंआपण, यावर विद्वान भांडतात. पण बघितलं होतं, एवढं खरं."

हे उठून माझ्याजवळ येऊन बसले. "पुन्हा सांग," म्हणाले.

पुढल्या आठवड्यात यांनी मला ती गोष्ट अनेकदा सांगायला लावली. बाण, लांब घर, तेरा राज्यं. बायकांचा भाग आला की यांचं पेन थांबायचं. मला वाटायचं, हा भाग यांना पाठ झाला असेल.

पाच गावांची एक सभा करायची असं ठरलं. प्रत्येक गावच्या बायका आपापला माणूस निवडणार, आणि पाच माणसं मिळून वाळूची वाटणी बघणार. पण आधी खुंट्या एकत्र यायला हव्यात, हे म्हणाले, नाहीतर जे ते गाव आपल्या खुंट्या घेऊन नदीत उतरणार. "हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. पुरुष खुंट्या मागायला गेला तर बायका कुऱ्हाड काढतील."

भाद्रपदात मी घरोघर गेले. मीना कडेवर. वाटेत चिखल, डास. तिच्या पायांना मी कडुनिंबाचं तेल चोळायची आणि निघायची. आमच्या गावच्या बायका दगूबाईच्या अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी मोडकीतोडकी अहिराणी बोलते, मध्येच पुस्तकी शब्द येतात, त्यावर त्या हसून घेतात. पण त्या दिवशी सगळ्या कान देऊन ऐकत होत्या.

"बायाच ठरावतस?" तुळशीबाईनं विचारलं. ती शेजारची, तोंडानं फटकळ. "मंग माणसे काय करतस?"

"शिकार."

"हाई बरं शे. दिवसभर ओटावर बसीसन तमाखू चघळावापेक्षा."

"आणि चुकला तर तीन ताकिदी. मग शिंगं काढून घेतात."

"शिंगं?" तुळशीबाईच्या हातातल्या शेंगा सांडल्या. "मन्हा घरमा बी एक शिंगवाला शे व माय. त्याना काढाले कोनी येई का?"

सगळ्या हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. दगूबाई हसली नाही. ती शेंगा सोलत म्हणाली, "आपलाकडे शिंगं नहीत. फेटा शे."

आणि तिथेच ठरलं. सभेच्या दिवशी ज्या त्या गावच्या बायका आपल्या माणसाच्या डोक्यावर फेटा बांधतील, आणि चुकला तर त्याच उतरवतील. हे माझं नव्हतं, पुस्तकातलंही नव्हतं. दगूबाईचं होतं.

खुंट्या आणायला ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. बाहेर आली तेव्हा फडक्यात बांधलेल्या खुंट्या पोटाशी धरलेल्या. खुंट्यांची डोकी ठोकून ठोकून फुलासारखी पसरली होती.

"तुन्ही सासूनी माले दिन्ह्यात," ती म्हणाली. "तुन्हा मालकवर तुन्हा इस्वास शे का?"

"शे," मी म्हटलं.

"मंग लई जाय. तू सांगस म्हनीसन देई ऱ्हायनू."

बाकीच्या चार गावांतही असंच झालं. कुठे वेळ लागला, कुठे शिव्याही खाल्ल्या. पण पाचही गावच्या खुंट्या माझ्या हातानं आमच्या घरात आल्या. यांनी त्यांची एक मोळी बांधून तिला लाल कापड गुंडाळलं. "पाच बाण," हे म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दसऱ्यानंतर नदीकाठच्या महादेवाच्या पारावर सभा भरली. पुढे पुरुष, मागे घाटाच्या पायऱ्यांवर बायका. प्रत्येक गावच्या बायकांनी एकेक फेटा आणला होता. आमच्या गावचा दगूबाईच्या मांडीवर होता, गुलाबी, नवा कोरा. पारावर टेबलावर लाल कापडातली मोळी.

हे बोलायला उभे राहिले. हे छान बोलतात. "सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या रानात पाच जमाती होत्या," असं सुरू केलं आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले, कारण शब्द माझेच होते. वैर, रक्त, शांततेचा निरोप घेऊन आलेला माणूस. आता ती बाई येणार म्हणून मी दगूबाईला कोपर लावलं.

बाई आली नाही. तो माणूस सरळ पाच जमातींकडे गेला आणि पंचायत झाली.

मला वाटलं, विसरले. बाण आले, लांब घर आलं, तेरा राज्यं आली, टाळ्या पडल्या. मग हे म्हणाले, "आणि या पंचायतीत कोण बसत असे? त्या जमातींतले शहाणे पुरुष. आपसात विचार करून ते आपला मुखिया निवडत. आज आपणही तेच करणार आहोत."

पाच नावं पुकारली गेली. चार गावचे चार मोठे शेतकरी, आमच्या गावचे हे. माझे थोरले दीर सुकलाल पुढे झाले. त्यांनी घरून आणलेला केशरी फेटा यांच्या डोक्यावर बांधला. दुसरं टोक एका गड्यानं धरलं होतं.

दगूबाई गुलाबी फेटा हातात घेऊन उभी राहिली.

"वकीलभाऊ, बाया कव्हय बांधतीन?"

पुरुषांत हशा पिकला. हेही हसले. "दगूबाई, सगळं होईल. आधी घर तर उभं राहू द्या. मग बघू."

"घर उभं शे ते आमन्या खुंट्यासवर शे ना, भाऊ?"

"बस ना व दगू!" सुकलाल ओरडले. "माणसेस्नं बोलनं चालू शे."

ती बसली. फेट्याची घडी नीट केली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "तुन्ही त्या अमेरिकामा बी असंच व्हयनं का?"

हा भाग मी बायकांना सांगितला नव्हता. आता सांगितला. "गोऱ्यांनी पंचायत बघितली. त्यांनी एकजूट केली, बायकांचं तेवढं घेतलं नाही. त्यांच्या बायकांना पुढे मतासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं."

"मंग तुले माहीत व्हतं."

"गोऱ्यांचं माहीत होतं, दगूबाई. यांचं नव्हतं."

ती फेटा घेऊन उठली, तशा बाकीच्याही उठल्या. तुळशीबाई जाता जाता थांबली, मला वाटलं काहीतरी टोचून बोलेल. तिनं फक्त मीनाच्या तोंडावरची माशी उडवली आणि गेली. तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी काही विचारायच्या आतच यांनी मीनाला उचलून घेतलं. तेव्हाच मला कळलं.

"चारी गावचे लोक अडून बसले, सुगंधा. बायकांनी निवडलेला मुखिया चालणार नाही म्हणाले. मी काय सभा मोडू देऊ? अजून दोन डोकी फुटू देऊ?"

"कधी अडून बसले?"

"झाले त्याला बरेच दिवस."

"कधी?"

हे मीनाचा सदरा नीट करत राहिले. "पोळ्याला. सुकलालभाऊंच्या मळ्यात बसलो होतो."

पोळा श्रावणातला शेवटचा दिवस. मी घरोघर गेले ती भाद्रपदात. चिखलात मीनाला कडेवर घेऊन मी घरोघरच्या पायऱ्या चढत होते, दगूबाईला "शे" म्हणत होते, तेव्हा यांनी तो सौदा करून टाकला होता.

"म्हणजे मला खुंट्या आणायला पाठवलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"बघ गं मीना," हे मुलीला म्हणाले, "तुझी आई वकिलाची उलटतपासणी घेतेय."

"तिला खाली ठेवा आणि माझ्याशी बोला."

यांनी तिला खाली ठेवलं नाही. "पुढच्या वर्षी बायकांचं बघू. शब्द देतो. गोष्ट तुझीच आहे, हे मी कधी नाकारलंय?"

"मला गोष्ट नको. दगूबाईंनी आज तुम्हाला विचारलं, ती पहिली ताकीद. मी देतेय ती दुसरी."

हे मनापासून हसले. मीनाचा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर फिरवला. "शोध गं, बाबांची शिंगं कुठायत?" मीना खिदळली. त्या हसण्याचा मला इतका राग आला, की मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीत उगाच लाकडं सारत बसले. नऊ महिन्यांच्या पोरीवर कसला राग.

कार्तिकात वाळू उघडी पडली, पट्टे पाडायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मीनाचं अंग कोमट लागत होतं. न्यावं की नाही या घोळात मी दुपारपर्यंत घरातच होते. शेवटी तिच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं आणि निघाले. वाळू तापली होती. पाचही मुखिये खुंट्या ठोकून घेत होते, गडी मोगरीनं ठोकत होते. बायका काठावर उभ्या होत्या, खाली कुणी उतरलेली नव्हती.

पाण्याजवळच्या पट्ट्यावर सुकलाल उभे होते. गडी त्यांच्यासाठी खुंटी ठोकत होता.

"ही जागा दगूबाईंची," मी म्हटलं.

"सभानी माले दिन्ही," सुकलाल म्हणाले. "ऊसनं बेणं लावसू. डांगर काय, पोरेस्ना खेळ."

मी यांच्याकडे बघितलं. यांच्या डोक्यावर केशरी फेटा होता. हातात घ्यायला काही नव्हतं, म्हणून यांनी वाळूतला एक खडा उचलला.

"सुगंधा, घरी जा. मुलीला ऊन लागतंय."

"पाण्याजवळची जागा विधवेची. तुमच्या आईनं आखून दिलेली आहे. ती काढून घेऊ नका. ही तिसरी."

गड्यांना काही कळलं नाही. सुकलाल 'काय तिसरी?' असं बघत राहिले. काठावरच्या बायकांना मात्र कळलं असावं, कारण त्यांच्यातली कुजबुज थांबली. हे खडा हातात फिरवत राहिले. मग तो पाण्यात टाकला आणि गड्याला म्हणाले, "ठोक."

गडी बाजूला झाल्यावर मी वाकले आणि एका हातानं ती खुंटी हलवून हलवून उपटली. कडेवर मीना रडायला लागली. मला कुणी अडवलं नाही. वकिलाच्या बायकोला हात कोण लावणार? खुंटी घेऊन मी काठ चढले आणि दगूबाईपुढे धरली.

तिनं घेतली नाही.

"एक खुंटी लिसनी मी काय करू, वकिलीण? ठोकाले सगळ्या बाया लागतस. तू पाची गावन्या बांधीसन दी टाक्यात." मग माझ्या कडेवर बघून म्हणाली, "पोरनं डोकं झाक. फडकं सुकी गयं."

मी फडकं ओलं करायला खाली नदीकडे गेले. परत वर आले तेव्हा बायका पांगल्या होत्या. ती खुंटी मी घरी आणली. देव्हाऱ्याखाली ठेवली आहे. पट्टा सुकलालांकडेच गेला, दुसऱ्या खुंटीनं.

आठवड्यानं नंदुरबारला मोठ्या साहेबांपुढे सभेच्या पाचही मुखियांना बोलावणं आलं. सकाळी यांनी धुतलेलं धोतर, कोट घातला. ओसरीवर येऊन केशरी फेट्याचं एक टोक हातात धरलं आणि दुसरं, नेहमीसारखं, माझ्याकडे टाकलं.

मी उंबऱ्याशी उभी होते. टोक माझ्या पायाशी येऊन पडलं.

"धर ना. गाडी चुकेल."

मी हात पुढे केला नाही.

मला वाटतं, त्या वेळी यांना कळलं, कारण हसू चेहऱ्यावर यायला लागलं होतं ते मध्येच थांबलं. "हे बघ, पोरखेळ पुरे," म्हणाले. मग टोक दाराच्या कडीला अडकवून बघितलं. पीळ घालायला ओढलं तसं ते निसटलं. पुन्हा अडकवलं, पुन्हा निसटलं. मीनाला गंमत वाटली. ती टाळ्या पिटत रांगत आली आणि खाली पडलेलं टोक तिनं दोन्ही मुठींत घट्ट धरलं, वर बघत, आता बाबा फिरत येतील म्हणून.

हेही तिच्याकडे बघून थांबले. आणि हळूच, खरंच, एक पीळ घातला.

मी वाकले. तिची बोटं एकेक करून सोडवली. ती चिडली, रडली. टोक मी जमिनीवर ठेवलं आणि तिला उचलून कडेवर घेतलं.

हे फेटा कसाबसा गोळा करून, काखेत मारून बाहेर पडले. बोडक्या डोक्यानं गावातून जाताना यांना कुणी कधी बघितलं नव्हतं. समोरच आपल्या घराच्या दारात दगूबाई उभी होती. ती यांच्या डोक्याकडे बघत राहिली, हे वळणाआड जाईपर्यंत. मग आमच्या ओसरीकडे बघितलं, माझ्याकडे, मीनाकडे. हसली नाही, हाक मारली नाही.

पिठाचे हात तिनं लुगड्याला पुसले आणि आत गेली. दार मात्र उघडंच ठेवलं होतं. मी मीनाच्या कपाळाला हात लावला. गार होतं.